मेंदूचा नकाशा आणि मुंबईची रुग्णालये

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेली दीडशेहून अधिक वर्षे जो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला, तो 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या नावाने जगभर ओळखला जातो. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक हेन्री ग्रे यांनी तो लिहिला आणि १८५८ साली तो प्रसिद्ध झाला. ग्रे यांचे नाव ग्रंथाला असे चिकटले, की तेच ग्रंथाचे नाव होऊन बसले. परंतु पहिल्या आवृत्तीतील ३६३ आकृत्या, आणि त्यांतच मेंदू, लहान मेंदू, मज्जारज्जू व कवटीतून बाहेर पडणारे मज्जातंतू यांच्या आकृत्या, ज्या हाताने काढल्या तो हात ग्रंथ बाजारात येण्यापूर्वीच मुंबईस पोहोचला होता. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे त्या चित्रकार वैद्याचे नाव. त्यांच्या आयुष्याची पुढील तीस वर्षे बहुतांशी मुंबई आणि सातारा या दोन गावांत गेली. एवढे असूनही मराठी वाचकाला हे नाव क्वचितच ठाऊक असते.

मेंदूच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना पॅडुआ, ऑक्सफर्ड, पॅरिस, लंडन, माँट्रियल अशी गावे घेण्याची रीत आहे. मुंबईचा उल्लेख झालाच तर शेवटी, पाश्चात्त्य विद्या जिथे येऊन पोहोचली अशा अनेक शहरांपैकी एक म्हणून होतो. वस्तुतः मुंबईच्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांनी या विद्येत स्वतःची भर घातली आहे. विदेशी ग्रंथ ज्या व्याधीविषयी दोन ओळींत आटोपते घेत होते, तिचे रोगी या रुग्णालयांच्या व्हरांड्यात रोज बसलेले असत. त्यामुळे येथील वैद्यांना ते प्रकरण स्वतःच लिहावे लागले. तो इतिहास मुळापासून पाहण्यासारखा आहे.

शरीराच्या आत डोकावण्याची जिज्ञासा आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृत देहाचे परीक्षण कसे करावे, याची स्पष्ट रीत दिलेली आहे. सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने वा दीर्घ आजाराने न मेलेला देह घ्यावा, तो गवताने वेष्टून पिंजऱ्यात ठेवावा, वाहत्या पाण्यात आडोशाच्या जागी सात रात्री कुजू द्यावा आणि नंतर वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने एकेक थर हळूहळू घासून डोळ्यांनी पाहावे, असा तो विधी आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले या दोहोंच्या मेळातून ज्ञान वाढते, हा त्यामागील विचार आजच्या शास्त्रज्ञालाही मान्य व्हावा. मात्र या रीतीने हाडे, स्नायू आणि सांधे जसे दिसतील तसा मेंदू दिसणे कठीणच, कारण तो मऊ अवयव सर्वांत आधी विरघळतो. शिरोभागातील अधिपती, सीमंत, शंख, शृंगाटक ही मर्मस्थाने आणि तेथे आघात झाल्यास होणारा परिणाम प्राचीनांनी नोंदवला. त्या कवटीच्या आतील पदार्थाची बारीक रचना मात्र त्यांच्या हाती लागली नाही. चेतनेचे स्थान हृदय की मस्तक, हा वादही आपल्याकडे आणि ग्रीसमध्ये दीर्घकाळ चालला.

युरोपात १५४३ साली व्हेसेलियसने स्वतः केलेल्या विच्छेदनावर आधारलेला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जनावरांच्या शरीरावरून माणसाविषयी अनुमान करण्याची जुनी सवय मोडली. पुढे १६६४ साली ऑक्सफर्डच्या टॉमस विलिस यांचा मेंदूच्या रचनेवरील लॅटिन ग्रंथ आला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जे कडे असते त्याला आजही विलिसचे कडे म्हणतात. त्या ग्रंथातील कित्येक चित्रे ख्रिस्तोफर रेन यांनी काढली होती, म्हणजे ज्यांनी पुढे लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधले तेच हे वास्तुविशारद. लेखक एक आणि पाहणारा हात दुसरा, ही जोडी मेंदूच्या इतिहासात अशी आरंभापासूनच दिसते.

कार्टर यांचा जन्म १८३१ सालचा, वडील चित्रकार. सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांची चित्रकला ग्रे यांच्या नजरेस आली. दोघांनी मिळून सुमारे दीड वर्ष विच्छेदने केली. १८३२च्या इंग्रजी कायद्याने बेवारस मृत देह वैद्यकीय शाळांना देण्याची मुभा होती. त्यामुळे या ग्रंथातील रेखीव आकृत्यांमागचे देह प्रामुख्याने लंडनच्या अनाथालयांत आणि धर्मादाय रुग्णालयांत मेलेल्या गरिबांचे होते. त्यांची नावे कोठेही नाहीत. कार्टर लाकडी ठोकळ्यावर थेट, आणि छापताना सुलट उमटावे म्हणून उलट, चित्र काढीत. त्यांची एक योजना विशेष सांगण्याजोगी आहे. तोवरच्या ग्रंथांत आकृतीवर बारीक अक्षरे वा आकडे घालून खाली कोष्टक देत असत, त्यामुळे विद्यार्थ्याची नजर सतत वरखाली फिरे. कार्टर यांनी अवयवाचे नाव त्या अवयवावरच, त्याच्या वळणाने लिहिले. रक्तवाहिनी जशी वळते तसे तिचे नाव वळते. नकाशात नदीचे नाव नदीच्या काठाने लिहितात, तसेच हे. सोपी वाटणारी ही गोष्ट शिकणाऱ्याच्या दृष्टीने क्रांतिकारक ठरली, आणि ग्रंथाच्या यशाचे अर्धे श्रेय तिलाच द्यावे लागेल.

या कामाबद्दल कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले. विक्रीवरील मानधन ग्रे यांच्याकडे गेले. ग्रंथ छापून होत असतानाच कार्टर यांची मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मुखपृष्ठाच्या कच्च्या छपाईत कार्टर यांचे नाव ग्रे यांच्या तोडीच्या टायपात होते आणि खाली मुंबईचे नवे पदही छापले होते. ग्रे यांनी ते नाव लहान टायपात घेण्याची खूण केली आणि मुंबईच्या पदावर काट मारली. छापील ग्रंथात कार्टर हे सेंट जॉर्ज रुग्णालयातील माजी सहायक एवढेच राहिले. मुंबईचे नाव त्या मुखपृष्ठावर यायचे ते असे राहून गेले. ग्रे हे १८६१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, देवीच्या रोगाने वारले. त्यांच्या हयातीत ग्रंथाच्या दोनच आवृत्त्या निघाल्या होत्या.

कार्टर ज्या महाविद्यालयात आले ते १८४५ साली सुरू झाले होते. त्याआधी १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा निघाली होती. १८३२ साली ती बंद पडली. मराठीतून शरीरशास्त्र शिकवण्याचा तो पहिला संघटित प्रयत्न सहा वर्षांतच संपावा, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. ती शाळा टिकली असती तर मेंदूच्या भागांची नावे कोशात शोधावी लागली नसती, ती बोलण्यात रुळली असती. असो. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. मृत देहाला हात लावण्याविषयीचा धार्मिक संकोच तेव्हा प्रबळ होता. कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली विच्छेदन करून तो बांध फोडला होता. मुंबईच्या विद्यार्थ्यांनीही पुढे तीच वाट धरली.

मुंबईत येऊन कार्टर केवळ अध्यापक राहिले नाहीत. जे. जे. रुग्णालयात मरण पावलेल्या कुष्ठरुग्णांचे विच्छेदन करून त्यांनी १८६३ साली मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या वार्तापत्रात या रोगाची लक्षणे आणि शारीरविकृती यांवर लेख लिहिला. कुष्ठरोग म्हणजे कातडीचा रोग, अशी सामान्य समजूत होती. बधिर हातापायांतील मज्जातंतू जाड आणि गाठाळ झालेले असतात, हे त्यांनी विच्छेदनात पाहिले आणि काढून दाखवले. नॉर्वेतील वैद्यांनी आधी हा मार्ग दाखवला होता खरा, परंतु भारतातील रुग्णांच्या बाबतीत त्याची अशी तपशीलवार मांडणी कार्टर यांची. त्यानंतर कित्येक वर्षे ते सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. पायाला गाठी येऊन हाडापर्यंत सडवणारा जो रोग शेतात अनवाणी वावरणाऱ्यांना होतो, त्यावरील त्यांचा ग्रंथ १८७४ साली आला. १८७७च्या दुष्काळानंतर मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या रक्तात त्या तापाचे मळसूत्री जंतू दाखवले. त्या अभ्यासात ते स्वतःही त्या तापाने आजारी पडले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या प्राचार्यपदाची धुराही त्यांनी सांभाळली. १८८८ साली ते मायदेशी परतले आणि १८९७ साली वारले.

त्यांच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत रन्टगेन यांना क्ष-किरण सापडले होते. जिवंत माणसाच्या आत पाहण्याचा मार्ग खुला झाला, पण मेंदूपुरता तो अर्धाच. क्ष-किरणांत हाड दिसते, मेंदू दिसत नाही. कवटीच्या बंद पेटीतील या अवयवाची सावली पाडण्यासाठी वैद्यांना मोठे द्राविडी प्राणायाम करावे लागले. १९१८ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्र घेतले. हवा काळी दिसते आणि तिच्या आकारावरून शेजारच्या गाठीचे अनुमान करता येते. १९२७ साली पोर्तुगालमध्ये इगाश मोनिझ यांनी मानेतील रोहिणीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र मिळवले. दोन्ही रीती रुग्णाला अतिशय क्लेशदायक होत्या. हवा भरल्यावर होणारी डोकेदुखी दिवसेंदिवस टिकत असे. पुढची मोठी उडी १९७१ सालची. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा आडवा छेद, सुरी न लावता, पडद्यावर दाखवला. सी. टी. स्कॅन ते हेच. अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून मूळ वस्तूचा आकार गणिताने कसा परत मिळवावा, हा या यंत्रामागील मुख्य प्रश्न. त्याच १९७१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् यांनी त्याचे एक जलद आणि सुटसुटीत गणित प्रसिद्ध केले. त्या दोघांच्या नावांतील आद्याक्षरे जोडून ओळखली जाणारी गाळणी पुढे या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. चुंबकीय तरंगांनी मेंदू आणि मज्जारज्जूची अधिक स्वच्छ प्रतिमा देणारे एम. आर. आय. त्यानंतर रुग्णालयांत आले.

स्वातंत्र्यानंतर भारतात मेंदूच्या शल्यचिकित्सेचा पाया घातला गेला. १९४९ साली वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी, १९५० साली मद्रासेस डॉ. बी. राममूर्ती यांनी, आणि मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी हे काम सुरू केले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी विभाग उभा केला. के. ई. एम.ची पार्श्वभूमी येथे सांगितली पाहिजे. १९२६ साली उघडलेल्या या रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयाला शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली, ती अध्यापक भारतीयच असावेत या अटीवर. ग्रँट मेडिकल कॉलेजात वरिष्ठ जागा ब्रिटिशांसाठी राखल्या जात, त्याचे हे उत्तर होते. डॉ. जीवराज मेहता हे तेथील पहिले अधिष्ठाता. संशोधनासाठी लागणारा आत्मविश्वास पैशाने विकत मिळत नाही, पण अशा एखाद्या अटीने त्याला जागा मिळते.

जे. जे. रुग्णालयात १९५७ साली डॉ. नोशीर वाडिया यांनी मज्जाविकारांचा विभाग सुरू केला. लंडनमध्ये शिकून आलेल्या वाडियांच्या ध्यानात लवकरच आले, की येथील बाह्यरुग्ण विभागात दिसणारे काही विकार इंग्रजी ग्रंथांत जवळजवळ नाहीतच. त्यांतील एक विकार मानेच्या सर्वांत वरच्या सांध्याचा. कवटी ज्या पहिल्या मणक्यावर टेकते त्याला, खांद्यावर आकाश पेलणाऱ्या ग्रीक राक्षसाच्या नावावरून, अ‍ॅटलास म्हणतात. आपल्याला पृथ्वी पेलणारा शेष आठवावा. हा मणका कड्यासारखा असतो. दुसऱ्या मणक्यातून दाताच्या आकाराचे एक हाड वर येऊन त्या कड्यात बसते, आणि मागून एक मजबूत बंध त्याला जागेवर आवळून धरतो. मान डावीउजवीकडे वळते ती जवळजवळ निम्मी याच सांध्यात. आता हा बंध सैल असला, वा ते दातासारखे हाड जन्मतःच तुटक राहिले, तर मान पुढे झुकवताच पहिला मणका सरकतो आणि मज्जारज्जू दोन हाडांत चेपला जातो. हा रज्जू म्हणजे मेंदूतून उतरणारा एकुलता एक राजमार्ग. तो चेपला की हातातील भांडे सुटते, पायांत चप्पल राहत नाही, चाल अडखळते, आणि टोकाला गेल्यास श्वास थांबतो.

हे सारे हळूहळू होते, म्हणून गावाकडे त्याची गणना वातविकारात वा अशक्तपणात होत असे. असीरगडाजवळ, बऱ्हाणपूर–खंडवा रस्त्यावरील निंबोल्यासारख्या गावात, जेथे पाण्याचे हंडे, चाऱ्याचे भारे, कापसाचे गाठोडे डोक्यावर चुंबळ ठेवून वाहणे ही नित्याची गोष्ट, तेथे डोक्यावरच्या ओझ्याचा सारा भार याच सांध्याच्या दोन बाजूंवरून खाली उतरतो, हे कोणाच्या मनातही येत नसे. तेल चोळून झाले, मांत्रिक झाला, की घरची माणसे रुग्णाला घेऊन रेल्वेत बसत. १८७० साली पुरा झालेला मुंबई–खंडवा–जबलपूर लोहमार्ग तापीकाठच्या या मुलखाला थेट मुंबईशी जोडत होता. खानदेश, निमाड आणि वऱ्हाडातील रुग्णांच्या दृष्टीने परळ आणि भायखळा ही पंढरीखालोखालची ठिकाणे होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वाडियांनी अशा २८ रुग्णांचा अभ्यास १९६७ साली लंडनच्या 'ब्रेन' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांची साधने काय होती? रुग्णाची चाल, हातांची शक्ती, स्पर्शाची जाण, आणि मान पुढे झुकवून व मागे ताणून घेतलेली बाजूची साधी क्ष-किरण चित्रे. सरळ मानेने घेतलेल्या चित्रात जे दिसत नाही ते झुकवलेल्या मानेत दिसते. प्रौढाच्या बाबतीत त्या दातासारख्या हाडापुढील फट तीन मिलिमीटरांहून अधिक रुंदावली, तर सांधा सरकतो आहे असे समजावे. पुष्कळ रुग्णांची मान आखूड आणि केसांची रेषा खाली असते, हेही वैद्यांनी नोंदवून ठेवले. डोळसपणे पाहणे ही विद्या यंत्रांच्या आधीची आहे आणि यंत्रांनंतरही ती लागतेच.

तिची दुसरी साक्ष वाडिया आणि स्वामी यांच्या १९७१ सालच्या, त्याच नियतकालिकातील लेखात मिळते. तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकाराची नऊ कुटुंबे त्यांना मिळाली. त्या साऱ्यांत एक गोष्ट समान होती : एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर नजर नेताना निरोगी माणसाचे डोळे क्षणात उडी मारतात, तसे या रुग्णांचे न होता ते सावकाश सरकत. ही खूण कोणत्याही यंत्राने दाखवलेली नव्हती. समोर बोट धरून डोळ्यांकडे पाहणाऱ्याला ती दिसली. १९९६ साली शास्त्रज्ञांना बाराव्या गुणसूत्रावर या गटातील एका विकाराचे जनुक सापडले, आणि डोळ्यांची ती मंद हालचाल त्याचे ठळक लक्षण म्हणून मान्य झाली. कार्टर यांनी आरंभलेला कुष्ठरोगातील मज्जातंतूंचा अभ्यास जे. जे.मध्येच डॉ. दाराब दस्तूर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कितीतरी पुढे नेला. एकाच आवारात शंभर वर्षांच्या अंतराने एकच प्रश्न पुन्हा हाती घेतला जावा, हा योगायोग खचितच नाही. तो रोग आणि ते रुग्ण त्या आवाराच्या दाराशी तेव्हाही होते आणि नंतरही राहिले.

सांधा सरकला आहे हे कळले, पण तो स्थिर कसा करावा? १९३९ पासून प्रचलित रीत अशी होती की मणक्यांच्या मागील कमानींभोवती तार गुंफायची आणि हाडाचा तुकडा मध्ये ठेवून ती आवळायची. तार सैल होई, तुटे, आणि हाड जुळून येईपर्यंत रुग्णाला महिनोन्‌महिने मानेभोवती कठीण साज बाळगावा लागे. मजुरी करून पोट भरणाऱ्याला हे कसे परवडावे? नंतर स्वित्झर्लंडमधील मागेर्ल यांनी दोन्ही मणक्यांतून आरपार एकच स्क्रू घालण्याची रीत काढली. ती भक्कम होती. परंतु मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणारी रोहिणी याच मणक्यांतून नागमोडी वळणे घेत वर जाते, आणि काही माणसांत ती इतकी उंच चढलेली असते की त्या मार्गाने स्क्रू नेणे जिवावर बेतू शकते.

परळच्या के. ई. एम.मध्ये डॉ. अतुल गोएल यांनी येथे वेगळा विचार केला. मागील कमान पातळ आणि कमकुवत, पण कवटीचा भार ज्यांवर येतो ते मणक्यांचे दोन्ही बाजूंचे पिंड जाड आणि भक्कम. तेव्हा स्क्रू तेथेच घालावेत, पहिल्या मणक्यात एक आणि दुसऱ्यात एक, आणि ते धातूच्या पट्टीने जोडावेत. सांधा उघडून त्यातील कूर्चा खरवडावी आणि हाडाचे कण भरावेत, म्हणजे तो कायमचा सांधेल. त्या जागी शिरांचे दाट जाळे असल्याने रक्तस्रावाच्या भीतीने शल्यचिकित्सक तेथे सहसा जात नसत. गोएल आणि अस्थिशल्यविभागाचे डॉ. लाहेरी यांनी ही रीत १९९४ साली एका युरोपीय नियतकालिकात मांडली. या धाडसामागे शरीररचनेचा जुना पाया होता. के. ई. एम.मध्ये कोरड्या मणक्यांचे बाजूचे पिंड आणि रोहिणीचे खोबण यांची मिलिमीटरांत मोजमापे घेण्यात आली आणि २००० साली ती प्रसिद्धही झाली. १५० पौंडांवर राबणारा कार्टर आणि हाडांवर कंपास धरून बसलेला मुंबईचा निवासी डॉक्टर, दोघांचे काम जातीने एकच.

२००१ साली जर्मनीच्या हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी सळई आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून ३७ रुग्णांवर केलेली अशीच शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि ती रीत युरोप-अमेरिकेत वेगाने पसरली. दुसऱ्या वर्षी, २००२ मध्ये, के. ई. एम.मधून १६० रुग्णांचा अहवाल आला. पाश्चात्त्य लेखनात कित्येक वर्षे या रीतीला एकट्या हार्म्स यांचे नाव लावले जात होते. आता गोएल–हार्म्स असे जोडनाव बऱ्याच ठिकाणी दिसते. मुखपृष्ठावरचा टायप लहान करण्याची ती जुनी सवय एवढ्या लवकर सुटणार नव्हती. मात्र या प्रकरणात छापील तारखाच बोलक्या आहेत.

याच सांध्यातून कवटीचा तळ आत दबण्याचा एक विकार होतो. त्यात पूर्वी तोंडातून, टाळूमागून वाट काढून ते दातासारखे हाड छिलून काढावे लागे. २००४ साली गोएल यांनी दाखवले की सांध्याच्या दोन्ही बाजू ताणून मध्ये आधार भरला, तर अनेक रुग्णांत दबलेले हाड आपोआप खाली येते आणि तोंडावाटे जाण्याचे कारण उरत नाही. ही गोष्ट एम. आर. आय.च्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की सामान्य माणसालाही दिसते. मज्जारज्जूवरचा दाब उतरून त्याभोवती पुन्हा पाण्याची पांढरी रेघ उमटलेली असते.

या सर्वांमागे असलेल्या देहांचा विचारही केला पाहिजे. १९४९च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागले. लंडनच्या १८३२च्या कायद्याचीच ही आपल्याकडील आवृत्ती. अलीकडे स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, पण ज्या हाडांवर मोजमापे झाली ती हाडे आणि ज्या २८ वा १६० रुग्णांच्या कहाण्या लेखांत कोष्टक होऊन बसल्या ती माणसे बहुतांशी महापालिकेच्या आणि सरकारच्या रुग्णालयात येणाऱ्या वर्गातली. त्यांनी या शास्त्राला जे दिले त्याची नोंद आकड्यांपलीकडे झालेली नाही.

गोएल यांचे सर्वच विचार मान्य झाले आहेत असे मात्र नाही. लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या छिद्रातून घसरून मणक्यांच्या नळीत उतरतो, त्या विकाराचे मूळ कारणही या सांध्याची अदृश्य अस्थिरता हेच असावे, असे त्यांनी २०१५ साली ६५ रुग्णांच्या आधारे मांडले. आजवर या विकारात कवटीचा मागील भाग कापून जागा मोठी करण्याची रीत होती. त्याऐवजी सांधाच स्थिर करावा, असे त्यांचे म्हणणे. क्ष-किरणांत सांधा सरकताना दिसत नसेल तर तो अस्थिर कसा म्हणावा, असा प्रश्न अनेक देशांतील शल्यचिकित्सक विचारतात. शस्त्रक्रियेच्या वेळी हाताने तपासल्यास तो हललेला जाणवतो, असे उत्तर परळहून दिले जाते. मान कायमची एका जागी बांधून टाकणे ही लहान गोष्ट नव्हे, म्हणून या वादात घाईने बाजू घेणे योग्य होणार नाही. तो वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांवर अजून चालू आहे, आणि त्याचा एक पक्ष मुंबईतून लिहिला जातो.